धावणाऱ्यांतले हौशे, नवशे, गवशे

जत्रेला येणाऱ्या माणसांची वाटणी आपल्या मराठी भाषेने फार पूर्वीच करून ठेवली आहे. हौशे, नवशे आणि गवशे. हौशा येतो तो गर्दीत मिसळण्याच्या आनंदापोटी, नवशा येतो बोललेला नवस फेडायला, आणि गवशाची नजर कोठे काही गवसते का याकडे लागलेली असते. जत्रा वांद्र्याच्या माउंट मेरीची असो की जेजुरीच्या खंडोबाची, ही वाटणी सर्वत्र लागू पडते. तीत एक न्यायनिवाडाही दडलेला आहे. नवशाला आपण मान देतो, हौशाकडे कौतुकाने पण जरा वरून पाहतो, आणि गवशा दिसला की खिसा सांभाळतो.

धावण्याच्या क्लबमध्ये आयुष्य घालवलेल्या हौशी धावपटूचा विचार करू लागले, की ही वाटणी डळमळू लागते. ज्याचे नाव वृत्तपत्राच्या क्रीडापानावर कधी झळकले नाही, असा हा माणूस. सतराव्या-अठराव्या वर्षी तो आपल्या गावच्या क्लबमध्ये दाखल होतो. आठवड्यातून दोन संध्याकाळी आणि रविवारी सकाळी धावतो. तिशीच्या आसपास त्याची आयुष्यातली सर्वोत्तम वेळ नोंदली जाते. ती सर्वोत्तम ठरणार आहे हे त्या दिवशी त्याला ठाऊक नसते. पुढची चाळीस वर्षे तो थोडा थोडा मंद होत जातो आणि तरीही धावत राहतो. ज्या कामात आपण कधी पहिले येणार नाही, उलट दिवसेंदिवस मागेच पडत जाणार, ते जन्मभर निष्ठेने करण्यात मोल ते कोणते? आणि त्या निष्ठेला जो वेळ लागतो, तो नेमका कोणाच्या वाट्याचा असतो? पहिला प्रश्न नेहमी विचारला जातो. दुसरा फारसा कोणी विचारत नाही, आणि मला तोच अधिक अवघड वाटतो.

असे क्लब प्रथम इंग्लंडात रुजले. १८६८ साली टेम्स नदीवर होड्या वल्हवणाऱ्या काही तरुणांनी हिवाळ्यात अंग सैल पडू नये म्हणून 'टेम्स हेअर अँड हाउंड्स' हा क्लब काढला. शाळकरी मुलांचा एक खेळ त्यांनी उचलला. एक-दोघांनी ससे व्हायचे आणि कागदाचे कपटे टाकीत रानोमाळ पुढे पळायचे. बाकीच्यांनी शिकारी कुत्रे होऊन त्या कपट्यांचा माग काढायचा. सशाच्या शिकारीसाठी पाळल्या जाणाऱ्या कुत्र्यांना इंग्रजीत 'हॅरियर' म्हणतात, तेच नाव पुढे कितीतरी क्लबांना चिकटले. बर्मिंगहॅमचे बर्चफील्ड हॅरियर्स १८७७ चे, सॅल्फर्ड हॅरियर्स १८८४ चे.

पोरखेळातून जन्मलेल्या या क्लबांनी एक रीत मात्र प्रौढपणाची घडवली. सरावाला सगळे एकदम सुटत नसत. वेगाप्रमाणे टोळ्या पडत. संथ टोळी आधी निघे, वेगवान टोळी मागून. प्रत्येक टोळीच्या पुढे वेग राखणारा एक असे आणि मागे एक 'व्हिप'. शिकारीत भरकटलेल्या कुत्र्यांना कळपात परत आणणाऱ्या माणसाचे हे नाव. धावणाऱ्यांच्या टोळीत त्याचे काम एवढेच, की चिखलात बूट रुतलेल्या, धाप लागलेल्या, वाट चुकलेल्या गड्याला एकटे सोडायचे नाही. आणि हे काम दुबळ्याकडे देऊन भागत नसे. शेवटच्या माणसाजवळ थांबून पुन्हा टोळी गाठायची, तर पायांत चांगलाच दम हवा.

शर्यतीच्या हिशेबातही या क्लबांची बुद्धी दिसते. इंग्लंडच्या राष्ट्रीय क्रॉस-कंट्री स्पर्धेत पुरुषांच्या मुख्य शर्यतीत प्रत्येक क्लबचे पहिले सहा धावपटू गुणांसाठी धरतात. ज्याचा जो क्रमांक तेवढे त्याचे गुण, आणि सहा जणांची बेरीज सर्वांत कमी असेल तो क्लब विजयी. म्हणजे क्लबचा तारा पहिला आला तरी त्याचे काम तेथेच संपते. खरी धाकधूक असते ती शे-दीडशेव्या क्रमांकावर लटपटत येणाऱ्या सहाव्या गड्याची. त्याने अखेरच्या उतारावर चौघांना मागे टाकले, तर क्लबचे चार गुण वाचले. सातव्याचे गुण कोठेच मांडले जात नाहीत. पण त्याने प्रतिस्पर्धी क्लबच्या सहाव्याला गाठून मागे टाकले, तर त्या क्लबच्या बेरजेत एकाची भर पडते. ज्याच्या नावावर काहीच जमा होत नाही, त्याच्या धावण्यामुळे दुसऱ्याचा हिशेब बदलतो. जन्मभर सातवा राहिलेल्या माणसाला आपण क्लबसाठी धावलो असे वाटते, त्याला हा आधार आहे. ती केवळ मनाची समजूत नव्हे.

हौशी धावपटूला इंग्रजीत 'ॲमॅच्युअर' म्हणतात. या शब्दाचे मूळ प्रेम करणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदात आहे. जो प्रेमाखातर करतो, तो ॲमॅच्युअर. शब्द इतका देखणा, पण त्याचा वापर मात्र दीर्घकाळ कुरूपच झाला. लंडनमध्ये १८६६ साली निघालेल्या ॲमॅच्युअर ॲथलेटिक क्लबच्या धुरीणांनी हौशी कोण याची जी व्याख्या केली, तीत पैशासाठी धावू नये एवढी अट पुरेशी वाटली नाही. कारागीर, यंत्रावर काम करणारा किंवा मजूर हौशी असू शकत नाही, असेही तीत घालण्यात आले. ज्याचे पोट हातावर, त्याच्या अंगी प्रेम कोठून असणार, असा हा साहेबी तर्क! १८८० साली ऑक्सफर्ड येथे ॲमॅच्युअर ॲथलेटिक असोसिएशनची स्थापना झाली तेव्हा हे कलम गळाले, आणि हळूहळू गिरण्यांतली नि खाणींतली माणसे क्लबमध्ये येऊ लागली. पैशाची अट मात्र राहिली, आणि ती राबवणारे हात कडक होते.

ते किती कडक होते हे जॉन टॅरंटने अनुभवले. १९३२ साली जन्मलेल्या या मुलाचे बालपण युद्धकाळात भावासह अनाथालयवजा वसतिगृहात गेले. उमेदीच्या वयात त्याने मुष्टियुद्धाच्या काही किरकोळ लढती केल्या आणि त्यांतून एकूण १७ पौंड मिळवले. पुढे त्याचे मन धावण्यात रमले. क्लबच्या सभासदत्वाचा प्रश्न आला तेव्हा त्याने ही कमाई लपवली नाही, आणि एकदा पैसे घेतलेला माणूस म्हणून त्याला हौशी धावण्याची दारे बंद झाली. १९५६ साली लिव्हरपूलच्या मॅरेथॉनला तो लांब कोट घालून गर्दीत उभा राहिला, आणि शर्यत सुटताच कोट टाकून बिनक्रमांकाचा धावू लागला. पुढे भाऊ त्याला मोटारसायकलवरून शर्यतींच्या ठिकाणी आणून सोडी. पंच त्याला अडवू पाहत आणि प्रेक्षक त्याच्या नावाने ओरडत. वृत्तपत्रांनी त्याला 'भुताटकी धावपटू' म्हटले. लोकमताच्या रेट्याने १९५८ साली देशातल्या देशात धावण्याची मुभा त्याला मिळाली आणि तो सॅल्फर्ड हॅरियर्सचा गणवेश घालून धावला. ४० मैल आणि १०० मैल या अंतरांचे जागतिक उच्चांक त्याने केले. पण इंग्लंडचा धावपटू म्हणून परदेशी धावण्याची परवानगी त्याला अखेरपर्यंत दिली गेली नाही. १९७५ साली, बेचाळिसाव्या वर्षी, तो कर्करोगाने वारला.

आपल्या वाटणीत टॅरंटला कोठे बसवायचे? क्रमांक नाही, बक्षीस नाही, निकालपत्रात नाव नाही, आणि तरीही २६ मैल धावायचे. याहून निखळ हौस कोणती असेल? आणि याच माणसाला त्या काळच्या हौशी संघटनेने गवशा ठरवले. मला वाटते, चूक नियमाच्या कडकपणात नव्हती. माणसाचे प्रेम त्याच्या पावत्या तपासून मोजता येते, या समजुतीत ती होती. जागतिक संघटनेने आपल्या नावातून 'ॲमॅच्युअर' हा शब्द २००१ साली काढून टाकला. तोपर्यंत टॅरंटला जाऊन सव्वीस वर्षे झाली होती.

आपल्या महाराष्ट्रात या प्रश्नाला निराळेच वळण आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर १९१९ च्या सुमारास झालेल्या शर्यतींत सर दोराबजी टाटांनी शेतकरी घरांतली मुले अनवाणी धावताना पाहिली. आधुनिक शिक्षणपद्धतीचा गंध नसता त्यांनी दिलेल्या वेळा पाहून टाटा थक्क झाले. त्यातूनच १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारतीय पथक गेले, आणि बेळगावकडील फडेप्पा चौगुले यांनी तेथील मॅरेथॉन २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पुरी करून एकोणिसावा क्रमांक मिळवला. आज आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांत पहाटेच्या अंधारात डांबरी रस्त्यावरून जी मुले-मुली धावताना दिसतात, त्यांतली बहुतेक पोलीस भरतीच्या तयारीत असतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. काही सेकंदांवर नोकरी आणि नोकरीवर घर अवलंबून. कठोर अर्थाने हे गवशे. पण त्यांतला एखादा भरती झाल्यानंतरही, किंवा भरतीचे वय उलटून गेल्यावरही, पहाटे उठून त्याच रस्त्यावर धावत राहतो. त्याची हौस कोणत्या दिवशी सुरू झाली, हे त्याला स्वतःला तरी सांगता येईल का?

बारामतीच्या लता भगवान करे यांचे उदाहरण बहुतेकांना माहीत आहे. शेतमजुरी करणाऱ्या, साठी ओलांडलेल्या या बाई पतीच्या आजाराच्या तपासण्यांना पैसे हवेत म्हणून स्थानिक मॅरेथॉनच्या ज्येष्ठ गटात नऊवारी नेसून अनवाणी धावल्या आणि जिंकल्या. पुढे त्यांच्यावर निघालेल्या मराठी चित्रपटात त्यांनी स्वतःच भूमिका केली आणि राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यांचा विशेष उल्लेख झाला. त्या धावल्या पैशासाठी, आणि महाराष्ट्राने त्यांना डोक्यावर घेतले ते योग्यच केले. मात्र येथे एक खडा दाताखाली येतो. बाईचे धावणे नवऱ्याच्या प्राणांसाठी असले, म्हणजे नवस असला, तर आपले डोळे पाणावतात. तीच साठीची बाई केवळ बरे वाटते म्हणून, चुलीवरचे भांडे उतरवून, रोज सकाळी तासभर धावायला गेली असती तर? स्त्रीला नवस शोभतो. हौस शोभते की नाही हे आपण अजून ठरवतोच आहोत. ऑलिंपिकमध्येदेखील पुरुषांची मॅरेथॉन १८९६ पासून होती, स्त्रियांना ती १९८४ साली मिळाली.

हौस म्हणजे सदा सुख, असेही समजू नये. कॅनडातील एड व्हिटलॉक हे निवृत्त खाण-अभियंता घराजवळच्या दफनभूमीच्या वाटांवर दररोज तीन-तीन तास फेऱ्या मारीत. २००४ साली, वयाच्या ७३ व्या वर्षी, त्यांनी मॅरेथॉन २ तास ५४ मिनिटे ४८ सेकंदांत पुरी केली. या रोजच्या सरावात आपल्याला फारसा आनंद वाटत नाही, असे ते मोकळेपणाने सांगत. प्रेमातदेखील कंटाळ्याचे दिवस असतात, हे संसार केलेल्या वाचकांना मी काय सांगावे!

आता तो अवघड प्रश्न. इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यातला रॉन हिल हा वस्त्ररसायनशास्त्रज्ञ. नोकरी सांभाळून, कामावर जाता-येता धावत त्याने सराव केला आणि १९७० साली बॉस्टनची मॅरेथॉन जिंकली. त्याच वर्षी एडिंबरो येथील राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले. पण क्लबांमधून त्याचे नाव घेतले जाते ते दुसऱ्याच कारणासाठी. डिसेंबर १९६४ मध्ये त्याने रोज धावायला सुरुवात केली आणि जानेवारी २०१७ पर्यंत, बावन्न वर्षांहून अधिक काळ, एकही दिवस चुकू दिला नाही. निदान एक मैल तरी धावायचाच, असा त्याचा नेम. पायाच्या शस्त्रक्रियेनंतर कुबड्यांवर त्याने तो मैल पुरा केला. मोटार अपघातात छातीचे हाड मोडले तरी नेम मोडला नाही.

हा हौशा राहिला नव्हता, नवशा झाला होता. आणि नवसाची एक गोम अशी, की बोलणारा एकटा असतो, फेडायला सारे घर लागते. मॅरेथॉनची तयारी म्हणजे चार महिने दर रविवारी अडीच-तीन तासांचे धावणे. दुपारी अंग मोडून आलेले, म्हणून झोप. त्या रविवारी मुलाला ताप असतो, पाहुणे यायचे असतात, आठवडाभर कामाला जुंपलेल्या पत्नीलाही तोच एक दिवस मोकळा असतो. क्लबच्या भिंतीवरच्या फलकावर सोनेरी अक्षरांत नावे रंगवलेली असतात, त्यांच्याखाली ज्यांनी घर सांभाळले त्यांची नावे रंगवण्याची पद्धत नाही. हे केवळ धावणाऱ्यांपुरते नव्हे. हौशी नाटकाच्या तालमीत रात्री घालवणारे, गायनमंडळाच्या सरावाला एकही वार न चुकवणारे, समाजाच्या कामासाठी सदा घराबाहेर असणारे, या साऱ्यांच्या निष्ठेत कोणा दुसऱ्याचे तास मिसळलेले असतात. ते तास आपण मागून घेतले की न विचारता उचलले, यावर त्या निष्ठेचा कस बराचसा अवलंबून आहे, असे माझे मत आहे. शिस्त हा गुण खरा. पण स्वतःला दिलेला शब्द पाळताना घरच्यांना दिलेला शब्द मोडत असेल, तर त्या शिस्तीला केवळ चिकाटी म्हणून गौरवता येत नाही.

रॉन हिलने हा पेच शेवटी कसा सोडवला, ते पाहण्यासारखे आहे. जानेवारी २०१७ मध्ये त्या एक मैलाच्या धावेत त्याची छाती दुखू लागली. पुढे पाऊल टाकावे तर मरण येईल असे वाटले. त्याने कसाबसा मैल संपवला आणि दुसऱ्या दिवशी तो धावला नाही. पत्नी, घरची माणसे आणि मित्र यांच्याखातर आपण थांबणे भाग होते, असे त्याने जाहीरपणे सांगितले. बावन्न वर्षांचा नेम मोडायला त्याने कारण दिले ते हेच. त्याच्या १९७० च्या दोन्ही विजयांपेक्षा मला हे थांबणे मोठे वाटते. मे २०२१ मध्ये, ८२ व्या वर्षी, तो वारला.

थांबलेल्या धावपटूचे क्लबमध्ये काय होते? येथे स्थानिक क्लबचा खरा स्वभाव दिसतो. बहुतेक जण जात नाहीत. कोणी अंतिम रेषेवर घड्याळ धरून उभा राहतो, कोणी चौकात पावसात उभे राहून वळण दाखवतो, कोणी नव्या पोरांना सराव देतो. अनेक क्लबमध्ये वर्षातून एकदा 'हँडिकॅप' शर्यत असते. तीत सर्वांत मंद माणसाला सर्वांत आधी सोडतात आणि सर्वांत वेगवान माणसाला सर्वांत शेवटी, अशा बेताने की सगळे एकाच सुमारास अंतिम रेषेवर यावेत. कोणाला किती मिनिटे आधी सोडायचे, हे ठरवणारा बहुधा एखादा जुना सभासद असतो. कोणाचा गुडघा दुखतो, कोणाच्या घरी नुकतेच बाळ आले आहे आणि कोण मुद्दाम हळू धावून यंदा सूट मिळवू पाहतो आहे, हे सारे त्याला ठाऊक असते. असा हिशेब कोणत्याही यंत्राला जमेल, असे मला वाटत नाही.

२००४ साली पॉल सिंटन-ह्युइट हा क्लबचा धावपटू दुखापतीमुळे धावता येईनासा झाला. मित्रांची सोबत तुटू नये म्हणून त्याने २ ऑक्टोबर रोजी लंडनच्या बुशी पार्कमध्ये पाच किलोमीटरची मोफत धाव ठेवली आणि स्वतः वेळ नोंदवायला उभा राहिला. त्या सकाळी १३ जण धावले. त्यातून वाढलेली 'पार्करन' ही चळवळ आज वीसहून अधिक देशांत दर आठवड्याला भरते. निकालात प्रत्येकाच्या वेळेसमोर एक टक्केवारी असते. त्या वयाच्या जगातल्या सर्वोत्तम वेळेशी आपली वेळ ताडून ती काढतात, त्यामुळे सत्तरीचे आजोबा विशीतल्या नातवावर मात करू शकतात. युक्ती चांगली आहे. पण तुलना ती तुलनाच, आणि पन्नास वर्षे मागे पडत आलेल्या माणसाला तेवढ्यासाठी धावायची गरज उरलेली नसते.

मला अधिक आवडते ती तेथली दुसरी एक नेमणूक. दर आठवड्याला एका स्वयंसेवकाने सर्वांत मागे चालायचे असते. बाकीचा प्रत्येक जण, मग तो कितीही सावकाश येवो, आत पोहोचेपर्यंत त्याने अंतिम रेषा ओलांडायची नाही. जुन्या हॅरियर्सचा व्हिपच हा, फक्त आता त्याला पुढची टोळी गाठायची नसते. सत्तरी गाठलेले, गुडघे झिजलेले क्लबचे सभासद हे काम मागून घेतात. वाटेत ते नवख्या, धापा टाकणाऱ्या माणसाशी हवापाण्याच्या गोष्टी बोलतात, कोणी थांबले तर थांबतात. मग निकाल लागतो. यादीत सर्वांत खाली त्या म्हाताऱ्याचे नाव असते, आणि त्याच्या वरच्या ओळीत, शेवटून दुसऱ्या क्रमांकावर, आयुष्यात प्रथमच पाच किलोमीटर पुरे केलेल्या कोणा बाईचे किंवा बाप्याचे.